आरोग्यसेविकेच्या शब्दाला वजन हवे

चैत्र सरून वैशाख लागला की शहापूर तालुक्यातील कसारा, खर्डी, डोळखांब या डोंगरपट्टीत आणि मुरबाड तालुक्यातील टोकावडे, मोरोशी या माळशेज घाटाच्या पायथ्याच्या मुलखात विहिरींचा तळ दिसू लागतो, ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत हातभर खड्डे खणून झिऱ्याचे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरले जाते, आणि टँकर कोणत्या पाड्यावर कोणत्या वारी येणार यावर घरातील स्वयंपाकापासून मुलांच्या आंघोळीपर्यंतचा सारा व्यवहार अवलंबून राहतो. हाच तो मुलूख, की ज्याच्या भूमीवर 1892 साली तानसा धरण पुरे झाले, 1957 साली वैतरणेवरील मोडकसागर उभा राहिला, आणि ज्याच्या भातसा नदीचे अडविलेले पाणी आज मुंबई महानगराची सुमारे निम्मी तहान भागविते. शेजारच्या बारवी धरणाच्या जलाशयाखालीही मुरबाड तालुक्याच्या गावांची जमीन गेली आणि त्या पाण्यावर औद्योगिक वसाहती व शहरे उभी राहिली. पाणी येथून जाते, आणि येथील स्त्रीच्या डोक्यावरचा हंडा मात्र उतरत नाही, ही वस्तुस्थिती पुष्कळांनी पुष्कळदा सांगितली आहे. मला आज तिच्या एका उपेक्षित बाजूविषयी लिहावयाचे आहे.

पाणी दुर्मीळ झाले की ते केवळ कमी होत नाही, तर दूषितही होते, आणि त्याची पहिली वार्ता तहसील कचेरीत किंवा पंचायत समितीच्या दप्तरात पोहोचत नाही. ती पोहोचते प्राथमिक आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीवर. एका पाड्यावरून दोन दिवसांत चार मुले जुलाबाने हैराण होऊन आली, की तेथील परिचारिकेला, जिला शासकीय भाषेत आरोग्यसेविका आणि गावकऱ्यांच्या भाषेत ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’ म्हणतात, विहिरीत काय बिघडले आहे ते प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच उमगते. ज्या बाईला हे सर्वांच्या आधी उमगते, तिला त्याविषयी काही करण्याचा अधिकार मात्र सर्वांत कमी आहे. पाणी, धूर आणि कचरा या तिन्ही बाबतींत परिचारिकेचा शब्द प्रशासनावर बंधनकारक झाला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते मी या लेखात शक्य तितक्या स्पष्टपणे मांडणार आहे.

परिचर्या आणि परिसर यांचा संबंध नव्याने जोडावा लागतो असे नाही. या व्यवसायाचा आधुनिक जन्मच त्या संबंधातून झालेला आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवर जे छोटेसे पण युगप्रवर्तक पुस्तक लिहिले, त्यात निरोगी घरासाठी शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड ही पाच लक्षणे त्यांनी सांगितली. औषधाचा उल्लेख त्या पाचांत नाही. क्रिमियाच्या युद्धात रुग्णालयातील सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मरत होते, आणि 1855 च्या वसंतात तेथील गटारे साफ होऊन वायुवीजनाची व्यवस्था झाल्यावर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले, हा अनुभव त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया ठरला. हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. तथापि येथील खेड्यांच्या आरोग्याचा ध्यास त्यांनी सुमारे चाळीस वर्षे बाळगला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा या विषयावर पत्रव्यवहार होता, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी आहे. मुंबई इलाख्यात 1889 साली ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या मसुद्याच्या चर्चेकडेही त्यांचे लक्ष होते. म्हणजे विहिरीजवळ जनावरे धुवू नयेत, पाणवठ्याभोवती घाण साचू देऊ नये, हा विचार आपल्या इलाख्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कायद्याच्या भाषेत उतरला होता. अपुरी पडली ती बजावणी.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 साली, आरोग्यव्यवस्थेचा जो मोठा आराखडा सादर झाला, त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे. चाळीस हजार लोकवस्तीच्या प्रत्येक प्राथमिक केंद्रासाठी त्यांच्या समितीने दोन डॉक्टर सुचविले आणि त्यांच्या जोडीला सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या चार परिचारिका सुचविल्या. या प्रमाणातच त्या समितीची दृष्टी प्रकट होते: रोगी केंद्रात येण्याची वाट पाहणाऱ्यांपेक्षा, रोग जेथे उपजतो त्या घरापर्यंत आणि पाणवठ्यापर्यंत चालत जाणारी माणसे अधिक हवीत. पुढे 1973 मध्ये कर्तारसिंग समितीच्या शिफारशीनंतर सहायक परिचारिका-प्रसाविकेची ‘बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी’ झाली. हेतू चांगला होता, परंतु कालांतराने उद्देश पुष्कळ झाले आणि त्यांतील मोजले गेले ते थोडेच. लसीकरण किती, प्रसूती किती, शस्त्रक्रिया किती, यांचे रकाने भरले जातात. परिचारिकेने समजूत घातल्यामुळे किती घरांनी पाणी उकळून प्यायला सुरुवात केली, याला रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते काम शासनाच्या लेखी घडलेलेच नसते.

ते काम प्रत्यक्षात काय असते, हे एका विहिरीच्या काठावर उभे राहून पाहण्यासारखे आहे. पावसाळ्याच्या पहिल्या सरी पडल्या आहेत, डोंगरावरचे गढूळ पाणी विहिरीत उतरले आहे, आणि सेविका, आशा कार्यकर्ती व गावचा जलसुरक्षक असे तिघे काठावर आले आहेत. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली जाते, टेपने विहिरीचा व्यास घेतला जातो. व्यास 3 मीटर आणि पाणी 2 मीटर, तर विहिरीत सुमारे 14,000 लिटर पाणी. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने उत्तम प्रतीची 35 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, जिला गावात सगळे ‘टीसीएल’ म्हणतात. ती पावडर तशीच विहिरीत भिरकावायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात तिचा लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचे, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत खोल सोडायची आणि हलवून हलवून पाण्यात मिसळायची. त्यानंतर तासभर थांबायचे. तासाने परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात ओ. टी. चाचणीचे थेंब टाकले आणि पाण्याला पिवळा रंग चढला, तर ते पाणी पिण्यास निर्धोक. रंग आला नाही, तर पावडर जुनी होऊन तिचा कस गेला आहे किंवा पाण्यात घाण अधिक आहे, आणि सारे पहिल्यापासून करावयाचे.

हे सर्व यथासांग पार पडले तरी काम अर्धेच झालेले असते. ‘सिस्टर, पाण्याला औषधाचा वास मारतो,’ असे म्हणून बायका त्या विहिरीकडे पाठ फिरवितात आणि ओढ्यातल्या झिऱ्याचे, दिसायला नितळ पण आतून दूषित असे पाणी घरी नेतात. त्यांची समजूत कोणत्याही परिपत्रकाने पटत नाही. ती पटते, कारण समोरची बाई गेली सात वर्षे त्यांच्या घरी येते आहे, तिने त्यांची बाळंतपणे केली आहेत, त्यांच्या तान्ह्याला मीठ-साखरेचे पाणी चमच्याने पाजून वाचविले आहे. पाण्याचा घडा रात्रभर झाकून ठेवला की वास उतरतो, एवढे साधे वाक्य तिच्या तोंडून आले की ते खरे वाटते. अभियंत्याला जलवाहिनीचा व्यास ठाऊक असतो आणि ग्रामसेवकाला निधीचे शीर्ष ठाऊक असते. कोणत्या घरात रांजण झाकला जात नाही आणि का झाकला जात नाही, हे परिचारिकेला ठाऊक असते. हे ज्ञान विकत मिळत नाही आणि बदलीच्या हुकमाबरोबर दुसऱ्या सेविकेकडे वर्गही करता येत नाही.

आता या ज्ञानाचे पुढे काय होते ते पाहा. महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यानुसार ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. लाल कार्ड म्हणजे साथीचा उघड धोका. ही पद्धत खरोखर चांगली आहे आणि ती घालून देणाऱ्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु लाल कार्ड मिळाल्यावर विहिरीचा फुटका कठडा अमुक दिवसांत बांधला पाहिजे, न बांधल्यास त्याचे लेखी कारण अमुक इसमाने दिले पाहिजे, अशी करडी ताकीद त्याच्यामागे जोवर उभी नाही तोवर ते कार्ड हा केवळ रंगीत कागद राहतो. सेविका विहीर दाखविते, तोंडी सांगते, पुन्हा सांगते. आणि साथ आली की पहिला जाब मात्र तिलाच विचारला जातो. ज्याच्या हाती अधिकार नाही त्याच्या माथी उत्तरदायित्व, हा प्रकार न्यायाचा नव्हे.

पाण्याइतकाच, किंबहुना अधिक दुर्लक्षित विषय धुराचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुराने 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली. हा आकडा ऐकून आपण हळहळतो आणि विसरतो; पण ठाकूरवाडीतल्या कुडाच्या घरात, पावसाळ्याच्या दिवसांत ओली लाकडे फुंकून फुंकून पेटविणारी आई, तिच्या कडेवर खोकणारे मूल आणि कोंदटलेली ती एकच एक खोली डोळ्यांपुढे आणली, तर त्या आकड्याचा अर्थ कळतो. गॅसची शेगडी 2016 नंतर पुष्कळ घरांत आली. परंतु सिलिंडर पुन्हा भरण्याचे पैसे एकरकमी हातात नसले की चूल पुन्हा पेटते. अशा वेळी सेविका तिला चूल टाकून दे असे सांगत नाही; चूल दाराशी, वाऱ्याच्या बाजूला घे, कौलांत धुरासाठी जागा ठेव, तान्ह्याला चुलीजवळ निजवू नकोस, लाकूड पावसाळ्यापूर्वी वाळवून ठेव, असे जमण्याजोगे चार उपाय सांगते. भातशेतीपूर्वी जमिनीवर शेण, पाला, गवत पसरून राब भाजण्याची येथील जुनी रीत आहे. तिला एका फटकाऱ्यात अज्ञान म्हणून हिणवणाऱ्या शहरी माणसापेक्षा, दम्याचा रोगी असलेल्या घराशेजारी राब कोणत्या दिवशी भाजू नये एवढेच समजुतीने सांगणारी परिचारिका पर्यावरणाचे अधिक भले करते.

याहून गंभीर प्रश्न वीटभट्ट्यांचा आहे. दिवाळी झाली की या दोन्ही तालुक्यांतील कातकरी कुटुंबे, मुलाबाळांसह, आगाऊ घेतलेल्या उचलीच्या बदल्यात भिवंडी-कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ‘जगायला जाणे’ हा त्यांचाच शब्द आहे, आणि त्यात जे आहे ते कोणत्याही अहवालात उतरणार नाही. भट्टीच्या राखेत आणि धुरात सहा-सात महिने काढलेले मूल गावी परत येते तेव्हा त्याचे वजन उतरलेले असते, लसीचा डोस चुकलेला असतो, आणि तेथे कोणते पाणी प्यायले याची नोंद कोठेही नसते. त्या मुलाची आणि त्याच्या आईची नावे, ती कोणत्या महिन्यात गेली आणि कोणत्या महिन्यात आली, हे गावच्या सेविकेला तोंडपाठ असते. भट्टी ज्या केंद्राच्या हद्दीत आहे तेथील परिचारिकेला ही यादी वेळेवर मिळाली, आणि भट्टीवर पिण्याचे पाणी, शौचालय व धुरापासून दूर निवारा आहे की नाही हे तपासण्याचा तिला लेखी अधिकार मिळाला, तर कातकऱ्यांच्या एका पिढीची फुप्फुसे वाचतील, असे मला मनापासून वाटते.

परिचारिका दुसऱ्यांना स्वच्छतेचा धडा देते, तेव्हा तिचे स्वतःचे कार्यस्थान निष्कलंक असले पाहिजे, हेही तितक्याच प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रुग्णालयाच्या कचऱ्यापैकी सुमारे 85 टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो आणि उरलेला 15 टक्केच घातक असतो. परंतु तो पंधरा टक्के एकदा उरलेल्यात मिसळला की सगळाच घातक होतो. म्हणून सुई टोचून झाल्याक्षणी ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताने भिजलेला कापूस आणि प्रसूतीनंतरची वार पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत आणि काचेची कुपी निळ्या खोक्यात, ही वर्गवारी 2016 च्या नियमांनी घालून दिली आहे, आणि ती ज्या हातांनी होते ते हात बहुतांशी परिचारिकेचे असतात. प्लास्टिकची नळी चुकून पिवळ्या पिशवीत गेली आणि भट्टीत जळली, तर क्लोरीनयुक्त प्लास्टिकमधून डायॉक्सिनसारखे विष हवेत जाते. अमेरिकेत 1990 च्या दशकात वैद्यकीय कचरा जाळणाऱ्या भट्ट्या डायॉक्सिनचा एक प्रमुख उगम असल्याचे उघड झाले, तेव्हा त्या बंद करण्याच्या चळवळीत परिचारिकांनी मोठा वाटा उचलला, आणि ‘प्रथम अपाय करू नये’ हे वैद्यकाचे वचन रुग्णालयाच्या धुरांड्यालाही लागू आहे असे त्यांनी जगाला पटवून दिले.

आपल्याकडील दुर्गम उपकेंद्रांत अडचण निराळी आहे. कचरा नेणारी गाडी घाटातल्या रस्त्याने नियमित येतेच असे नाही, आणि जेथे ती पोहोचूच शकत नाही तेथे खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा नियमांनी दिलेली आहे: खड्डा दोन मीटर खोल असावा, निम्मा भरला की त्यावर चुना टाकावा आणि वर माती लोटावी, तो विहिरीपासून दूर असावा, आणि त्यावर जनावरे येऊ नयेत म्हणून झाकण व कुंपण असावे. हा खड्डा खणण्याची तरतूद वेळेवर व्हावी, पिशव्या संपण्यापूर्वी नव्या याव्यात, एवढी किमान सोय सेविकेला मिळाली नाही, तर नियम पाळण्याची तिची इच्छा असूनही तिच्या हातून नियमभंग घडतो आणि दोष तिच्या नावावर चढतो.

सेविकेवर आधीच कामाचा बोजा अपार आहे, त्यात हे आणखी कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. डोंगराळ व आदिवासी भागात 3,000 लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हा दंडक आहे. पण ही वस्ती एका जागी नसते, ती दहा-बारा पाड्यांत विखुरलेली असते, मधे ओढे असतात, आणि पावसाळ्यात त्यांतले काही ओलांडता येत नाहीत. त्यावर नोंदवह्या, मोबाईलमधील माहिती भरणे, बैठका, आणि अनेकींच्या बाबतीत कंत्राटी नोकरीची टांगती तलवार. म्हणून तिला आणखी एक नोंदवही द्यावी असे मी मुळीच म्हणत नाही. उलट, एकच माहिती चार ठिकाणी लिहिण्याचा जाच कमी करावा, रिक्त पदे भरावीत, दीर्घ काळ निष्ठेने राबलेल्या कंत्राटी भगिनींना कायम करावे, आणि तिच्या हाती जो वेळ उरेल तो पाड्यावरच्या फिरतीला द्यावा. पाण्याची साथ टळली तर दोनशे जुलाबाच्या रोग्यांचा बोजा टळतो, हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे हे काम बोजा वाढविणारे नसून उतरविणारे आहे, हे दिसून येईल.

मग करावे काय? पहिली आणि मुख्य गोष्ट ही की, सेविकेने एखाद्या पाणवठ्याबद्दल, उकिरड्याबद्दल किंवा भट्टीच्या धुराबद्दल लेखी इशारा दिला, तर ग्रामपंचायतीने सात दिवसांत त्यावर काय केले याचे लेखी उत्तर तिला द्यावे, आणि तो इशारा व ते उत्तर दोन्ही पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत, अशी सक्तीची तरतूद शासनाने करावी. त्यासाठी नवा कायदा हवाच असे नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती गावोगाव अस्तित्वात आहे, तिच्या हाती गावामागे वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतचा मुक्त निधी येण्याची व्यवस्था आहे, आणि परिचारिका तिच्या कामाशी जोडलेलीच आहे. जलजीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्या पाचजणी सेविकेच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या, तर पाड्यावर पाण्याची राखण करणारे एक छोटे, जागते मंडळ उभे राहील. परिचारिका घडविणाऱ्या आपल्या विद्यालयांनीही विद्यार्थिनींना वॉर्डाइतकेच दिवस विहिरीच्या काठावर आणि वीटभट्टीच्या वाटेवर काढायला लावावेत. कारण रुग्णशय्या जेथे संपते तेथून पुढे जाणारी वाटही त्यांच्याच व्यवसायाची आहे.

नाइटिंगेल यांचा जन्मदिवस म्हणून 12 मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण भगिनींना गुलाबाची फुले देतो, भाषणे करतो, दिवे लावतो. शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरपट्टीत तो दिवस ऐन पाणीटंचाईत येतो. म्हणून या दोन्ही तालुक्यांतील सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि लोकप्रतिनिधींना माझी हात जोडून विनंती आहे की, येत्या 12 मे रोजी त्यांनी आपल्या उपकेंद्राच्या सेविकेला सोबत घेऊन गावच्या पाणवठ्यावर जावे, कठडा कोठे फुटला आहे, सांडपाणी कोठून आत येते, हे तिच्या तोंडून ऐकावे, ते लिहून घ्यावे, आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी तो कठडा बांधून द्यावा.